धारक भिंत

धारक भिंत : उताराची माती किंवा मुद्दाम टाकलेला भराव एका बाजूस तोलून धरून, निरनिराळ्या पातळ्यांवरील दोन जमिनी एकमेकींपासून अलग राखणाऱ्या भिंतीस धारक भिंत म्हणतात. घराच्या भिंतीवर मुख्यतः छपराचा व मजल्यांचा उभा भार येतो. धारक भिंतीवर मात्र पाठीमागील मातीचा आडवा रेटा रात्रंदिवस येत असतो आणि तो पावसाळ्यात वाढतो. कुंपणाची भिंत व धारक भिंत दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचे कार्य अगदी भिन्न आहे. कुंपणासाठी बांधलेल्या भिंतीमागे पुढे केव्हातरी भराव टाकून तिच्याकडून धारक भिंतीचे काम करून घेणे, हे अशा भिंती कोसळण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

घाटरस्ते, लोहमार्गांची खोदाई, पुलांची दोन्ही टोके, नदीकाठचे घाट, बंदरांतील धक्के, तळघरे अशा अनेक ठिकाणी धारक भिंती लागतात. घरगुती प्रमाणावर तिचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे घरामागील उतरत्या परसाच्या खालच्या कडेस भिंत घालून व तिच्यामागे भराव करून परसाची सपाट जागा वाढविणे, हा होय. अशी भिंत बहुधा एक ते दोन मी. उंचीची असते. ती बहुतेक वेळा कोणत्याही आराखड्याशिवाय, गवंड्याच्या अंदाजाने उभी राहते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा व त्याच्या आसपासची गावे यांसारख्या, काळा दगड मुबलक असलेल्या परंतु मातीचा स्वभाव अवघड असलेल्या प्रदेशात या छोट्या भिंतीचेही नियम समजून घेणे अगत्याचे ठरते.

पूर्वपरंपरा : दगड रचून माती अडविण्याची कला महाराष्ट्रात फार जुनी आहे. कोकणात उतारावरील वाड्यांभोवती जांभ्या दगडाचे कोरडे गडगे घालतात, तर देशावर शेतातील माती वाहून जाऊ नये म्हणून दगडी बांध व ताली घालतात. कोणताही चुना न वापरता केलेल्या या रचनांतून पाणी सहज निथळून जाते. त्यांच्या टिकाऊपणाचे हे एक प्रमुख कारण आहे. मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळणाऱ्या बारवा म्हणजे जमिनीत खोल उतरविलेल्या व चारही बाजूंनी माती तोलून धरणाऱ्या धारक भिंतींच्या वास्तूच होत. त्यांतील भिंती पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत गेल्याने एकाच उभ्या भिंतीवर मातीची सारी उंची येत नाही. तसेच घडीव दगडांच्या सांध्यांतून झिरपा विहिरीत येत राहतो. गावोगावच्या गढ्यांमध्ये वरची भिंत पांढऱ्या मातीची असली, तरी तळाशी मातीला दगडी बांधणीचा आधार दिलेला असतो. बालाघाटाच्या उतारावर वसलेल्या तुळजापूरच्या भवानी मंदिराकडे पायऱ्या उतरून जावे लागते. तेथील टप्प्याटप्प्यांच्या आवारातही उतार अडविणाऱ्या बांधकामाचे महत्त्व ध्यानात येते.

याच जिल्ह्यातील नळदुर्ग येथे बोरी नदीवर सतराव्या शतकाच्या आरंभी, इब्राहिम आदिलशाह (दुसरा) याच्या कारकीर्दीत, बांधलेला दगडी बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल प्रसिद्ध आहे. तो मातीऐवजी पाणी धारण करतो. तथापि केवळ स्वतःच्या वजनावर आडवा रेटा पेलणाऱ्या बांधकामाचे ते उत्तम उदाहरण होय. तेथे जादा पाण्यासाठी राखलेल्या सांडव्यांवरून पावसाळ्यात पाणी कोसळते. पाण्याला वाट देणे हा बांधकामाचाच एक भाग आहे, हे त्या स्थापत्यकारांनी पक्के ओळखले होते.

मातीच्या रेट्याचा शास्त्रीय विचार प्रथम फ्रेंच अभियंते शार्ल ऑग्यूस्तीन दे कुलंब (१७३६–१८०६) यांनी केला. पश्चिम इंडीजमधील मार्तिनीक बेटावर किल्ल्याच्या बांधकामाचा अनुभव घेऊन परतल्यावर त्यांनी १७७३ मध्ये फ्रेंच अकादमीस निबंध सादर केला व तो १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंत किंचित पुढे सरकली, की तिच्यामागील मातीची एक पाचर तिरप्या पातळीवरून खाली घसरू पाहते आणि भिंतीवरील रेटा हा त्या पाचरीचा रेटा असतो, ही त्यांची मूळ कल्पना आजही वापरात आहे. ब्रिटिश अभियंते विल्यम जॉन मॅक्कॉर्न रँकिन (१८२०–७२) यांनी १८५७ मध्ये अधिक सोपी सूत्रे मांडली. विसाव्या शतकात कार्ल टेर्झागी (१८८३–१९६३) यांनी मृदा यामिकीचा पाया घातला. त्यामुळे मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वेगळा काढून विचारात घेणे शक्य झाले. भूकंपात वाढणाऱ्या रेट्याचे गणित १९२० ते १९३० या दशकात जपानमध्ये ओकाबे व मोनोनोबे यांनी मांडले.

मातीचा रेटा : कोरड्या मुरमाचा ढीग केल्यास तो एका ठराविक कोनात स्थिर राहतो, त्याहून उभा राहत नाही. या नैसर्गिक उताराबाहेर जेवढी माती उभी ठेवावयाची, तेवढ्या मातीचा भार भिंतीने सोसावयाचा असतो. मातीचा अंतर्गत घर्षणकोन जितका अधिक, तितका रेटा कमी. हा कोन ३०° असल्यास, रँकिन यांच्या सूत्राप्रमाणे, सपाट माथ्याच्या कोरड्या भरावात कोणत्याही खोलीवरील आडवा दाब तेथील उभ्या दाबाच्या एक तृतीयांश असतो. म्हणून दाब माथ्याशी शून्य असतो व खाली समप्रमाणात वाढत जाऊन तळाशी सर्वाधिक होतो. एकूण रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागू होतो, असे मानतात. उंची दुप्पट केल्यास रेटा चौपट व भिंत उलथविणारे परिबल आठपट होते. ‘थोडी आणखी उंच घेऊ’ हा घरमालकाचा साधा वाटणारा आग्रह म्हणूनच महागात पडतो.

पायाच्या तळापासून दोन मी. उंचीच्या भिंतीचे उदाहरण घेता येईल. मुरमी भरावाचे वजन दर घ. मी. ला १,८०० किग्रॅ. धरल्यास तळाशी आडवा दाब दर चौ. मी. ला १,२०० किग्रॅ. येतो आणि भिंतीच्या दर मी. लांबीवर एकूण रेटाही १,२०० किग्रॅ. इतका होतो. तो तळापासून सुमारे ६७ सेंमी. वर लागू होत असल्याने उलथविणारे परिबल सुमारे ८०० किग्रॅ.-मी. होते. या ठिकाणी माथ्याशी ५० सेंमी. व तळाशी १ मी. रुंद, पाठीमागे ओळंब्यात उभी व पुढून उतरती अशी दगडी भिंत बांधली आहे, असे समजू. दगडी बांधकामाचे वजन दर घ. मी. ला २,४०० किग्रॅ. धरता तिचे वजन दर मी. लांबीस ३,६०० किग्रॅ. भरते व पुढच्या पायाकडेभोवती तिचे सावरणारे परिबल २,२०० किग्रॅ.-मी. येते. म्हणजे उलथण्याविरुद्ध सुरक्षा गुणांक सुमारे पावणेतीन आहे. तळाशी घर्षणांक ०·५ धरल्यास घसरण्याविरुद्ध १,८०० किग्रॅ. प्रतिकार मिळून तेथील गुणांक दीड होतो. सर्व भारांची परिणामी रेषा तळाच्या मधल्या तृतीयांशात पडते, त्यामुळे पाया मागील बाजूस उचलला जात नाही. सारांश, कोरड्या स्थितीत ही भिंत सुरक्षित आहे.

भरावाच्या माथ्यावर नंतर आलेला भार या हिशेबात धरलेला नाही. परसात पुढे पाण्याची टाकी, गोठा, सरपणाची वा विटांची रास आली किंवा ट्रॅक्टर उभा राहू लागला, की त्या भाराचा एक तृतीयांश भाग भिंतीच्या संपूर्ण उंचीवर आडवा दाब म्हणून येतो. माथ्यावर दर चौ. मी. ला १,००० किग्रॅ. भार आल्यास वरील भिंतीवरील रेटा सुमारे ६६७ किग्रॅ. नी वाढतो. तो निम्म्या उंचीवर लागू होत असल्याने उलथविणारे परिबल जवळजवळ दुप्पट होते. तेव्हा परसाचा पुढील उपयोग काय होणार, हे भिंत घालण्यापूर्वीच ठरवावे लागते.

पाणी व निचरा : वर दिलेलीच भिंत, त्याच मापांची, परंतु निचऱ्याची सोय न केलेली असेल, तर मोठ्या पावसात भरावाच्या पोकळ्या पाण्याने माथ्यापर्यंत भरतात. पाण्यात बुडालेल्या मातीचे परिणामी वजन दर घ. मी. ला सुमारे १,००० किग्रॅ. राहते, म्हणून मातीचा स्वतःचा आडवा दाब काहीसा घटतो. पण पाणी आपला दाब सर्व दिशांना सारखाच आणि पूर्ण देते. तळाशी मातीचे सुमारे ६६७ व पाण्याचे २,००० मिळून दर चौ. मी. ला २,६६७ किग्रॅ. दाब येतो आणि एकूण रेटा १,२०० वरून २,६६७ किग्रॅ. वर, म्हणजे सव्वादोन पटीच्या आसपास, जातो. घसरण्याविरुद्धचा प्रतिकार १,८०० किग्रॅ. च असल्याने भिंत पुढे सरकते. उलथण्याविरुद्धचा गुणांकही सव्वावर येतो, आणि तळाखाली शिरलेले पाणी भिंतीस खालून उचलू लागल्यास तोही उरत नाही. एकाही दगडात किंवा सांध्यात दोष नसताना केवळ पाण्यामुळे भिंत पडते ती अशी.

म्हणून धारक भिंतीत पाणी अडविण्याऐवजी त्यास निघून जाऊ देणे हे मुख्य तत्त्व आहे. याकरिता भिंतीच्या पाठीशी सुमारे ३० सेंमी. जाडीचा, बारीक व मोठ्या खडीचा थर उभा भरतात. मातीचे बारीक कण वाहून येऊन खडीच्या पोकळ्या बुजू नयेत, म्हणून खडी व भराव यांमध्ये वाळूचा थर किंवा कृत्रिम धाग्यांचे गाळणवस्त्र घालतात. भिंतीतून आरपार जाणारी ७५ ते १०० मिमी. व्यासाची पाझर छिद्रे दीड ते दोन मी. अंतरावर ठेवतात. त्यांची सर्वांत खालची ओळ पुढील जमिनीपासून सु. १५ सेंमी. वर असते व छिद्रांना बाहेरच्या बाजूस उतार दिलेला असतो. माथ्यावर पडणारे पाणी भरावात मुरण्यापूर्वीच बाजूस नेण्यासाठी भिंतीच्या मागे उथळ पन्हळ करतात. न्हाणीचे सांडपाणी, शोषखड्डा अथवा नळाचा गळका जोड भिंतीच्या पाठीशी येऊ देणे टाळावे लागते. पावसाळा चार महिन्यांचा असतो, परंतु हे पाणी बारा महिने भरावात उतरत राहते.

शहरांतील दाट वस्तीत याची किंमत फार मोठी ठरली आहे. २०१९ च्या पावसाळ्याच्या आरंभी पुण्यातील कोंढवा येथे २९ जूनच्या पहाटे भिंत कोसळून तिच्या पायथ्याशी झोपड्यांत झोपलेल्या बांधकाम मजुरांच्या कुटुंबांतील १५ जण मरण पावले. त्यानंतर तीनच दिवसांनी मुंबईतील मालाड येथे मुसळधार पावसात टेकडीच्या उतारावरील भिंत पडून पायथ्याच्या वस्तीतील सु. ३० माणसे दगावली. भिंत ज्याची जागा वाढविते तो वर राहतो आणि ती पडल्यावर जीव जातो तो बहुधा खाली राहणाऱ्याचा, हे या बांधकामाचे ध्यानात ठेवण्याजोगे वैशिष्ट्य आहे.

प्रकार : केवळ स्वतःच्या वजनावर रेटा पेलणाऱ्या दगडी, विटांच्या वा साध्या काँक्रीटच्या भिंतीस भारस्थिर भिंत म्हणतात. तिच्या तळाची रुंदी सामान्यतः उंचीच्या निम्म्यापासून सात दशांशापर्यंत असते. सुमारे तीन मी. पर्यंत ती परवडते, त्यापुढे दगडाचे प्रमाण फार वाढते. प्रबलित काँक्रीटच्या भिंतीत उभी पातळ फळी व आडवा रुंद पाया यांचा उलट्या ‘टी’सारखा छेद असतो. पायाच्या मागील भागावर बसलेल्या मातीचे वजनच भिंतीस सावरून धरते. सु. सहा मी. हून उंच अशा भिंतींना पाठीमागून ठराविक अंतरावर त्रिकोणी धिरे देतात. तारेच्या जाळीच्या पेटाऱ्यांत दगड भरून ते एकावर एक रचून केलेल्या भिंती लवचिक व सच्छिद्र असतात. जमीन थोडी खचली तरी त्या फुटत नाहीत, म्हणून डोंगरी रस्त्यांवर व नदीकाठी त्या वापरतात. फ्रेंच अभियंते आंरी व्हीदाल यांनी १९६० नंतर प्रचारात आणलेल्या प्रबलित माती पद्धतीत भरावाच्या थरांमध्ये पोलादी पट्ट्या घालतात, तर पुढे त्याऐवजी कृत्रिम जाळ्याही वापरात आल्या. भराव स्वतःच आपणास धरून ठेवतो व पुढची फळी केवळ आवरणापुरती उरते. मोठ्या उड्डाणपुलांच्या चढांवर दिसणाऱ्या फरशीवजा भिंती या जातीच्या होत. डोंगरी भागातील धारक भिंतींसाठी भारतीय मानक संस्थेचे भा. मा. १४४५८ हे मार्गदर्शक मानक असून त्याचा एक भाग कोरड्या दगडी भिंतींविषयी आहे.

दगडी बांधणी व १९९३ चा भूकंप : भारस्थिर भिंतीच्या गणितात तिचे सर्व वजन एकसंधपणे काम करते, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष बांधणीत हे गृहीत खरे ठरते किंवा नाही, याचा दाखला लोहारा परिसराइतका स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच मिळेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ ६·२ परिमाणाचा भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी एक होते. भूकंपाचे परिमाण मध्यम असूनही प्राणहानी इतकी झाली, याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. आत मात्र बाहेरचा व आतला असे दगडांचे दोन स्वतंत्र पदर आणि त्यांच्यामध्ये माती व चिपांचा भराव असे. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. हादऱ्यांसरशी पदर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून कोसळल्या व माळवदाचा जड मातीचा थर खालील माणसांवर आला.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अन्यत्र उभ्या राहिलेल्या दगडी घरांच्या मजबुतीसाठी भिंतींना आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरून दोन्ही पदर जोडण्याचा उपाय सुचविण्यात आला. भा. मा. १३८२८ या १९९३ च्या मानकानुसार दगडी भिंतीत उंचीच्या दर ६० सेंमी. ला व आडव्या दिशेत १·२ मी. हून अधिक नाही इतक्या अंतरावर, भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड घालावयास हवेत. तेवढे लांब दगड न मिळाल्यास आकड्यासारख्या वाकविलेल्या सळया योग्य आच्छादनासह वापराव्यात. हे मानक घरांच्या भिंतींसाठी असले, तरी त्यामागील तत्त्व धारक भिंतीलाही लागू पडते. पुढे घडीव खांडकी, मागे ओबडधोबड दगड व मधे माती-चिपा अशी धारक भिंत बांधल्यास मातीचा रेटा प्रत्यक्षात एकट्या मागील पदरावर येतो व तो पुढच्या पदरास फुगवून ढकलतो. गणितातील ३,६०० किग्रॅ. वजनाचा निम्मा भागही मग कामास येत नाही. भिंत रुंद असल्याने एकच दगड आरपार पोचत नसेल, तर दोन लांब दगड एकमेकांवर पुरेसे चढवून घालतात. भूकंपापूर्वी किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात असे. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात धरण्यात आला.

लोहारा परिसरातील जमीन : हा प्रदेश दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. पृष्ठभागी कमीअधिक जाडीची काळी माती, तिच्याखाली मुरूम, नंतर मऊ मांजऱ्या खडक व शेवटी कठीण काळा पाषाण असा क्रम विहिरी खोदताना सामान्यतः आढळतो. धारक भिंतीच्या दृष्टीने यांपैकी काळी माती सर्वांत अडचणीची होय. तिच्यातील विशिष्ट चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या खोल भेगा हे त्याचेच दृश्य रूप आहे. अशी माती भरावासाठी वापरल्यास तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही व फुगण्याचा दाब मातीच्या नेहमीच्या रेट्यात भर घालतो. उन्हाळ्यात भिंतीमागे पडलेल्या भेगेत पहिल्याच वळवाचे पाणी शिरते. भिंत थोडी पुढे रेटली जाते. पुढील उन्हाळ्यात नवी भेग पडते. अशा रीतीने काही वर्षांत भिंत कलते. पाया काळ्या मातीतच थांबविल्यास तो ऋतुमानाप्रमाणे वरखाली होतो. लोहाऱ्याच्या भागात वार्षिक पाऊस माफक असला, तरी तो थोड्या दिवसांत जोराने पडतो. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीसारखे प्रसंग अधूनमधून येतातच. कमी पावसाचा मुलूख म्हणून निचऱ्याची काळजी नको, हा समज म्हणूनच फसवा आहे.

परसातील भिंतीची उभारणी : प्रथम जागेचा उतार मोजतात. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी व दोन काठ्या एवढ्या साधनांनी हे काम होते. उताराच्या खालच्या कडेस भिंत घालून भराव करावयाचा, की वरच्या कडेस उतार कापून तेथे भिंत घालावयाची, हे त्यावरून ठरते. निम्मा कापून निम्मा भरल्यास भिंतीची उंची कमी राहते व माती बाहेरून आणावी लागत नाही. दोन मी. ची एकच भिंत घालण्यापेक्षा एकेक मी. च्या दोन भिंती टप्प्याटप्प्याने घालणे अधिक सुरक्षित असते. मात्र दोन टप्प्यांतील आडवे अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे लागते, अन्यथा वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो. बारवेच्या पायऱ्यांचे तत्त्व ते हेच.

पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमात वा खडकात नेतात. त्याचा तळ मागील बाजूस थोडा उतरता ठेवल्यास घसरण्यास अधिक प्रतिकार होतो. दगड त्यांच्या रुंद बाजूवर बसवितात, एका थराचा उभा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाहीत आणि चिपा केवळ पोकळ्या भरण्यासाठी, दगड सावरण्यासाठी नव्हे, अशा वापरतात. आरपार दगडांची जागा थर चढतानाच ठरवून खूण करावी लागते, कारण नंतर ते घालता येत नाहीत. भराव करण्यापूर्वी मूळ उतारावरील गवत व काळी माती काढून उतारास पायऱ्या पाडतात. गुळगुळीत उतारावर टाकलेला भराव त्याच पातळीवरून घसरण्याची भीती असते. मुरमाचा भराव १५ ते २० सेंमी. च्या थरांनी, किंचित ओलावून व धुमसाने ठोकून करतात. मात्र भिंतीच्या अगदी पाठीशी जड यंत्राने ठोकणे टाळतात. काँक्रीटची व सिमेंटमधील बांधणी पुरेशी मुरण्यापूर्वी भराव टाकण्याची घाई केल्यास भिंत पहिल्याच दिवशी कलू शकते. दीड मी. हून अधिक उंची, माथ्यावर घर वा रस्ता, पायथ्याशी वस्ती किंवा पाझरणारी जमीन, यांपैकी काहीही असल्यास अनुभवी अभियंत्याकडून आराखडा करवून घेणे आवश्यक असते. नगर पंचायतीच्या वा ग्रामपंचायतीच्या हद्दीत अशा बांधकामास परवानगी लागते किंवा कसे, हेही आधी विचारून घ्यावे लागते.

शेजाऱ्याचा हक्क : आपली जमीन खोदताना शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार काढून घेता येत नाही. १८८२ च्या भारतीय इझमेंट कायद्याच्या सातव्या कलमातील उदाहरणांत, प्रत्येक जमिनीस तिच्या नैसर्गिक स्थितीत लगतच्या व खालच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क सांगितला आहे. हद्दीवर भिंत घालताना पाया कोणाच्या जमिनीत जातो व पाझर छिद्रांतील पाणी कोणाच्या अंगणात पडते, हे दोन प्रश्न आधी सोडविलेले बरे. छिद्रांचे पाणी शेजाऱ्यास नको म्हणून ती बुजविणे हा त्यावरील उपाय नव्हे. पायथ्याशी गटार करून ते पाणी रस्त्याच्या वा ओढ्याच्या दिशेने नेणे हाच मार्ग आहे.

देखभाल : धारक भिंत बहुधा पूर्वसूचना दिल्याशिवाय पडत नाही. मध्यभागी आलेला फुगवटा, ओळंब्यापासून ढळलेला माथा, भरावाच्या पृष्ठभागावर भिंतीस समांतर पडलेली भेग, भिंतीतून बाहेर येणारे गढूळ पाणी ही तिची मुख्य लक्षणे होत. मोठ्या पावसानंतरही पाझर छिद्रे कोरडी राहिली, तर ती बहुधा बुजली असून पाणी आत कोंडले आहे, असे समजावे. पावसाळ्यापूर्वी छिद्रे सळईने मोकळी करावीत आणि माथ्याची पन्हळ साफ करावी. सांध्यांतून उगवलेले वड, पिंपळ, उंबर यांचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे; त्यांची मुळे जाडावत जाऊन दगड सुटे करतात. भिंत फुगलेली दिसल्यास तिला पुढून गिलावा करणे घातक असते, कारण त्यामुळे लक्षण झाकले जाते व उरलेली पाण्याची वाटही बंद होते. अशा वेळी प्रथम पायथ्याशी बसणारी, झोपणारी माणसे व बांधलेली जनावरे तेथून हलवावीत, नंतर मागील भराव वरून उतरवून रेटा कमी करावा आणि मगच भिंत नव्याने बांधावी.